एकोणीस तासांत परार्ध

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सुरुवातीलाच संख्यास्थानांची नावं येतात. एक, दश, शत, सहस्र अशी चढत चढत ती कोटीवर जातात; मग अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि सगळ्यात वर परार्ध. एकावर सतरा शून्यं. त्याच्या पुढे नाव नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता; त्याची नोंद करणारा शिलालेख तिथे आहे. त्या मठात ही नावं घोकणाऱ्या मुलांना परार्ध म्हणजे मोजता येण्याजोग्या जगाची वेस वाटत असेल. शाळेत असताना मलाही तसंच वाटायचं.

मग एका दुपारी मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला भरपूर अन्न आणि मानवेल अशी ऊब मिळाली, तर तो दर वीस मिनिटांनी दुभंगतो. एकाचे दोन, दोनाचे चार. तासाभरात आठ. दोन तासांत चौसष्ट. इथवर काहीच वाटत नाही. सात तासांनी वीस लाखांच्या वर. दहा तासांनी अब्ज ओलांडलेला असतो. आणि सत्तावन्नाव्या दुभंगाला, म्हणजे बरोबर एकोणीस तासांनी, परार्ध मागे पडतो. संध्याकाळी सहाला एक जिवाणू ठेवला, तर दुसऱ्या दिवशी दुपारी एकला ‘लीलावती’तली नावं संपतात.

एका ई. कोलायचं वजन ग्रॅमचा एक लक्षकोटीवा भाग असतं, म्हणजे एक ग्रॅम भरायला एक लाख कोटी जिवाणू लागतात. एकोणीस तासांचा ढीग त्या हिशेबाने भरतो सुमारे १४४ किलो, दीड क्विंटलला थोडा कमी. चोवीस तास पुरे झाले की ढीग ४,७०० टनांचा होतो. दहा टनी ट्रक लावले तर ४७० ट्रक. अठ्ठेचाळीस तासांनी त्याचं वजन पृथ्वीच्या वजनाच्या साडेतीन हजार पटींहून जास्त भरतं.

अर्थात तसं घडत नाही. अन्न संपतं, जागा संपते, स्वतःचीच घाण अंगावर येते. पण ही वाढ थांबते ती बाहेरच्या अडचणींमुळे. त्या जिवाची ताकद तेवढीच राहते आणि संधीची वाट पाहते. मला या विषयावर लिहावंसं वाटलं ते या ताकदीपुढे आपण काय करू शकतो हे मोजून पाहण्यासाठी. मोजलं तेव्हा मी घाबरले, हे खरं. पण त्याच मोजणीतून मला धीरही आला, आणि तो कुठून आला ते सांगायचं आहे.

आधी आपल्या अंगातली शिरगणती. २०१६ साली इस्राएलमधल्या संशोधकांनी केलेला हिशेब आज सर्वमान्य आहे: सरासरी माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी. ‘लीलावती’च्या भाषेत जिवाणूंची संख्या जवळजवळ चार शंकू. सगळ्यांचं मिळून वजन मात्र पाव किलोच्या आत. यातले बहुतेक आतड्यात असतात, आणि बहुतेक आपले शेजारीच आहेत. त्यांच्यावाचून आपलं पचन धड चालणार नाही. आता सर्दीचं उदाहरण घ्या. ती विषाणूमुळे होते, आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काही परिणाम होत नाही. तरी ‘लवकर बरं वाटू दे’ म्हणून आपण ती गोळी घेतो. ती गिळल्यावर जिथे नेम हवा तिथे एकही शत्रू नसतो, आणि वाटेत चार शंकूंची वस्ती असते. ज्यांना ती गोळी मानवत नाही ते मरतात. ज्यांच्याकडे तिचा तोडगा आहे त्यांना मोकळी जागा आणि अन्न मिळतं. आणि मोकळी जागा मिळाल्यावर एकोणीस तासांचं गणित सुरू होतं.

हा तोडगा येतो कुठून? एक वाट चुकांची. ई. कोलायची जनुकसंहिता सुमारे ४६ लाख अक्षरांची आहे. दुभंगताना ती पुन्हा उतरवून काढावी लागते, आणि साधारण हजार प्रतींमागे एका प्रतीत एक मुद्रणदोष राहतो. हजार ग्रंथ हाताने उतरवून एकच अक्षर चुकणारा लेखनिक जगात कुठेही सापडणार नाही. पण पोषक द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये, चमच्याच्या पाचव्या भागात, अब्जभर जिवाणू मावतात. म्हणजे एका पिढीत दहा लाख मुद्रणदोष. त्यातले बहुतेक निरुपयोगी किंवा घातक. एखादा मात्र नेमका औषधाच्या विरुद्ध पडतो.

२०१६ साली हार्वर्डमध्ये मायकेल बेम आणि रॉय किशोनी यांनी हे डोळ्यांनी दिसेल असं करून दाखवलं. सुमारे चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी परात त्यांनी केली. तिच्या दोन्ही टोकांना औषध अजिबात नाही. आत आलं की थोडं, मग त्याच्या दहापट, शंभरपट, आणि मध्यावर हजारपट. टोकांना जिवाणू सोडले. ते पहिल्या रेषेपर्यंत पसरले आणि अडले. मग एका ठिकाणाहून एक पांढरा पंखा रेषेपलीकडे उमलला: एका मुद्रणदोषाचा वंश. पुढच्या रेषेला पुन्हा थांबा, पुन्हा एखादा पंखा. अकराएक दिवसांत जिवाणू मध्यावर पोहोचले होते. त्याची चित्रफीत मी कितीदा तरी पाहिली आहे. पाहताना दर वेळी श्वास अडकतो.

तरीही या वाटेला एक मोठा अडसर आहे, आणि तो गुणाकाराचा आहे. समजा, एका औषधाविरुद्धचा मुद्रणदोष दहा कोटींत एकाच्या नशिबी येतो. दोन वेगळी औषधं एकदम दिली तर दोन्ही दोष एकाच जिवाणूत सापडण्याची शक्यता दहा कोटी गुणिले दहा कोटींत एक. क्षयरोगाच्या उपचारात तीन-चार औषधं एकत्र देतात त्यामागचं मूळ गणित हे आहे. क्षयाचे जंतू आपापसांत जनुकांची देवघेव करत नाहीत, त्यांना सगळं आपल्याच चुकांतून कमवावं लागतं. (ते पायरी पायरीने कमवतात, औषधं तुटक घेतली की हमखास कमवतात; मुंबईच्या डॉ. झरीर उदवाडियांनी जवळपास कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवल्यावर २०१२ च्या सुरुवातीला देशभर खळबळ उडाली होती.) आता पाच औषधांचा हिशेब करा. पाचही दोष एकदम हवे असतील तर एकावर चाळीस शून्यं इतके जन्म लागतील. साऱ्या पृथ्वीवर, समुद्राच्या तळापासून आपल्या दातांच्या फटींपर्यंत, मिळून जिवाणू आहेत सुमारे पाचावर तीस शून्यं. म्हणजे पृथ्वीसारख्या अब्जावधी पृथ्व्या घेतल्या तरच असा एक जिवाणू सापडावा.

आणि तरी असे जिवाणू दवाखान्यादवाखान्यांत आहेत. कारण हा गुणाकार मोडणारी एक दुसरी वाट आहे.

१९५० च्या दशकात जपानमध्ये आमांश माजला होता. तिथल्या डॉक्टरांना एक कोडं पडलं. काही रुग्णांमधले आमांशाचे जंतू, शिगेला, एकाच वेळी चार औषधांना दाद देत नव्हते: सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन. वरच्या गणिताने हे अशक्य होतं. मग कोणीतरी त्याच रुग्णांच्या आतड्यातला गरीब बिचारा ई. कोलाय तपासला. त्याच्याकडेही तेच चार तोडगे निघाले. दोन निराळ्या जातींच्या जिवाणूंना एकाच रुग्णाच्या पोटात नेमक्या त्याच चार चुका सुचल्या असतील? शक्य नव्हतं. कोणीतरी कोणालातरी ते चारही तोडगे एका गाठोड्यात बांधून दिले होते. जपानी संशोधकांनी हे प्रयोगाने सिद्ध केलं, आणि १९६३ साली त्सुतोमु वातानाबे यांनी ते सविस्तर इंग्रजीत लिहिल्यावर बाकीच्या जगाला जाग आली.

त्या गाठोड्याला प्लाझ्मिड म्हणतात; हे नाव जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली दिलं. जिवाणूच्या मुख्य संहितेपासून वेगळं असलेलं डीएनएचं छोटं कडं. दोन जिवाणूंची गाठ पडते तेव्हा एक जण केसासारखी बारीक नळी पुढे करतो. जिवाणू स्वतः दोन मायक्रॉन लांब, पण ही नळी वीस मायक्रॉनपर्यंत जाऊ शकते. माणसाच्या मापात सांगायचं तर साडेपाच फुटी माणसाने पंचावन्न फुटांवरच्या माणसाला हात लावावा तसं. मग तो त्याला जवळ ओढतो आणि प्लाझ्मिडची प्रत त्याच्या अंगात सरकवतो. ई. कोलायचं जे प्लाझ्मिड सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलं आहे ते सुमारे एक लाख अक्षरांचं आहे, आणि ते मिनिटाला सुमारे ४५ हजार अक्षरांच्या वेगाने जातं. साठ-सत्तर पानांची पुस्तिका सव्वादोन मिनिटांत. देणाऱ्याकडे मूळ प्रत राहतेच. आणि घेणारा लगेच देणारा होतो.

इथे गुणाकार उलटा फिरतो. पाच तोडगे मिळवायला पाच नशिबं लागत नाहीत, एक भेट पुरते.

एका भेटीने काय होतं हे सांगायला मी टायफॉइड निवडते, कारण तो आमच्या घरातला आहे. आजी त्याला मुदतीचा ताप म्हणायची. मुदत एकवीस दिवसांची. त्यात माणूस राहिला तर राहिला. तिचा धाकटा भाऊ १९४६ साली त्या मुदतीत गेला. तो किती वर्षांचा होता हे ती नेहमी बोटांवर मोजून सांगायची, जणू दर वेळी नव्याने खात्री करून घेत असावी. दोनच वर्षांनी, १९४८ साली, मलायात टायफॉइडच्या रुग्णांना क्लोरॅम्फेनिकॉल देऊन पाहिलं गेलं आणि तीन-चार दिवसांत ताप उतरू लागला. एकवीस दिवसांची मुदत चारांवर आली.

हे सुख पंचवीस वर्षंही टिकलं नाही. १९७२ साली मेक्सिकोत दहा हजारांहून जास्त लोकांना टायफॉइड झाला आणि क्लोरॅम्फेनिकॉल चालेना. त्याच वर्षी केरळात कोळिकोडला तसेच रुग्ण सापडले, आणि तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की तो तोडगा एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारा आहे. म्हणजे गाठोडं. पुढे त्याच गाठोड्यात अँपिसिलिनचा आणि को-ट्रायमोक्साझोलचा तोडगाही येऊन बसला. डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सॅसिनकडे वळले. तेही ढिलं पडलं. मग सेफ्ट्रियाक्सोन. ते बराच काळ भरवशाचं राहिलं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या सिंधमध्ये, हैदराबाद शहरात, सेफ्ट्रियाक्सोनलाही दाद न देणारा टायफॉइड दिसू लागला. जनुकक्रम वाचल्यावर गोष्ट उलगडली. टायफॉइडच्या एका जुन्या, आधीच अनेक औषधांना निर्ढावलेल्या वंशाने एक नवं प्लाझ्मिड उचललं होतं, सुमारे ८४ हजार अक्षरांचं. आणि तसंच प्लाझ्मिड ई. कोलायमध्ये आधीपासून फिरत होतं. आता पाच जातींची औषधं बाद. तोंडाने घ्यायच्या औषधांत जवळजवळ एकटं अझिथ्रोमायसिन उरलं. डिसेंबर २०१८ पर्यंत सिंधमध्ये टायफॉइडच्या ८,१८८ रुग्णांची नोंद झाली. त्यातले ५,२७४ या नव्या जातीचे. आणि हे सगळे जंतू एकमेकांचे इतके जवळचे नातलग होते की सारा वंश एकाच मुळातून फुटल्यासारखा दिसत होता. कुठल्यातरी आतड्यात नाहीतर कुठल्यातरी गटारात, एका टायफीची, म्हणजे टायफॉइडच्या जंतूची, गाठ कधीतरी योग्य गाठोड्याशी पडली. त्या भेटीचा दिवस कोणालाच माहीत नाही. शहरातले पाण्याचे नळ आणि मैल्याच्या वाहिन्या शेजारून जात होत्या, फुटलेल्या होत्या, आणि पुढचं काम पाण्याने केलं.

हे आपल्यापासून दूर नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या आणि वाहणाऱ्या पाण्याचे १७१ नमुने आणि पिण्याच्या नळांचे ५० नमुने तपासले होते. एनडीएम-१ हे जनुक, जे कार्बापेनेमसारख्या अगदी राखून ठेवलेल्या औषधांचाही चुराडा करतं, रस्त्यावरच्या ५१ नमुन्यांत सापडलं. पिण्याच्या पाण्याच्या दोन नमुन्यांतही. पटकीच्या जंतूतही ते जाऊन बसलं होतं. त्या अभ्यासातलं एक निरीक्षण माझ्या मनातून जात नाही: ही गाठोडी एकमेकांना देण्याचा वेग ३० अंश सेल्सियसला २५ किंवा ३७ अंशांपेक्षा जास्त होता. आपल्या अंगाची ऊब ३७. आपल्या गटारांची, वर्षातले कितीतरी महिने, ३०.

त्या गटारात औषध मिसळलं की काय होतं? तेलंगणात हैदराबादजवळ पटणचेरूला औषध कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. सुमारे नव्वद कारखान्यांचं पाणी तिथे यायचं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचं प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघालं, औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहून जास्त. दिवसाला अंदाजे ४५ किलो. ५०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने नव्वद हजार गोळ्या, रोज, ओढ्यात. नव्वद लाख वस्तीच्या स्वीडनला तेवढं औषध पाच दिवस पुरलं असतं. ज्या जिवाणूंना त्या पाण्यात जगायचं होतं त्यांच्यापुढे एकच पर्याय होता: कोणाकडून तरी तोडगा मिळवा.

जगभरात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू २०२१ साली ११ लाख ४० हजार होते. २०२५ ते २०५० या काळात ते मिळून ३ कोटी ९० लाख होतील असा अंदाज २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. मिनिटाला जवळपास तीन. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आजीची बोटं आठवली.

आता धीर देणारं गणित.

जिवाणूंमधली देवघेव भेटींवर चालते, आणि भेटींची संख्या म्हणजे देणाऱ्यांची संख्या गुणिले घेणाऱ्यांची संख्या. एखाद्या पाण्यात देणारे दहापटीने कमी केले आणि घेणारेही दहापटीने कमी केले, तर भेटी शंभरपटीने कमी होतात. शून्यावर आणायची गरज नाही. प्रत्येक संडास, प्रत्येक धड झाकलेलं गटार, दवाखान्यात धुतलेले हात या गुणाकारातला एकेक अंक खाली आणतात. ज्या गुणाकाराने आपल्याला रडवलं तो आपल्या बाजूनेही तेवढ्याच इमानाने काम करतो.

दुसरं, गाठोडं फुकट मिळत नाही. ते वाहायला, त्याची नक्कल करायला ताकद लागते. समजा, गाठोडंवाला बिगरगाठोडंवाल्यापेक्षा दर पिढीला फक्त एक टक्का मागे पडतो. औषध अवतीभवती नसेल तर सुमारे २३० पिढ्यांत त्याचं प्रमाण दहा पटींनी घटतं. पाच टक्के मागे पडत असेल तर ४६ पिढ्या पुरतात. म्हणजे औषधाचा मारा थांबवला की काळ आपल्या बाजूचा होतो. जिवाणू हा बोजा हलका करायला शिकतात, हेही तितकंच खरं, म्हणून हे गणित नेहमी कागदावरच्यासारखं उतरत नाही. पण उतरतं तेव्हा मोठ्या प्रमाणावर उतरतं, आणि त्याचे पुरावे आहेत.

डेन्मार्कचं उदाहरण पाहा. १९९४ साली त्या देशात माणसांसाठी व्हँकोमायसिन वापरलं गेलं २४ किलो. त्याच जातीचं अवोपार्सिन हे औषध डुकरं आणि कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून त्यांच्या खाद्यात घातलं गेलं २४,००० किलो. बरोबर हजारपट, आणि आजारासाठी नव्हे, वजनासाठी. १९९५ साली डेन्मार्कने अवोपार्सिनवर बंदी घातली. कोंबड्यांतल्या एंटेरोकॉकस फिसियम या जिवाणूच्या नमुन्यांत व्हँकोमायसिनच्या जातीला दाद न देणारे त्या वर्षी ७२.७ टक्के होते. २००० साली ५.८ टक्के. डुकरांत मात्र काही केल्या आकडा हलेना. कारण शोधलं तेव्हा कळलं की तिथे व्हँकोमायसिनचा तोडगा आणि मॅक्रोलाइड जातीच्या औषधांचा तोडगा एकाच गाठोड्यात बांधलेले होते, आणि डुकरांना टायलोसिन हे मॅक्रोलाइड देणं चालूच होतं. एका औषधासाठी गाठोडं सांभाळलं जात होतं आणि दुसऱ्याचा तोडगा आपोआप तगत होता. १९९८ नंतर टायलोसिन घटलं तेव्हा डुकरांतलाही आकडा उतरला. मला हा तपास फार आवडतो. गाठोडं एक असेल तर त्याच्या सगळ्या गाठी पाहाव्या लागतात.

चीनचं उदाहरण आणखी मोठ्या मापाचं. कोलिस्टिन हे जुनं, मूत्रपिंडाला त्रास देणारं औषध. पण बाकी सगळं हरल्यावर डॉक्टर त्याच्याकडे वळतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी जाहीर केलं की कोलिस्टिनचा तोडगा, एमसीआर-१ नावाचं जनुक, प्लाझ्मिडवर बसलेलं सापडलं आहे. पहिला नमुना शांघायच्या एका डुकरातला. पुढच्या काही महिन्यांत तेच जनुक खंडाखंडांत मिळालं. खाद्यात मिसळायच्या कोलिस्टिनचं चीनमधलं उत्पादन २०१५ साली २७,१७० टन होतं. एप्रिल २०१७ अखेर सरकारने वाढीसाठी त्याचा वापर बंद केला. २०१८ साली उत्पादन २,४९७ टन. आणि निरोगी माणसांत हे जनुक बाळगणाऱ्यांचं प्रमाण २०१६ मधल्या १४.३ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ६.३ टक्क्यांवर आलं. तीन वर्षांत निम्म्याहून कमी, एकाही माणसाला कसलंही औषध न देता. भारतानेही जुलै २०१९ मध्ये कोंबड्या, मासे आणि इतर खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

आणि क्लोरॅम्फेनिकॉल? डॉक्टरांनी ते टायफॉइडसाठी वापरणं जवळजवळ सोडून दिलं. दशकं गेली. आज भारतातल्या टायफीचे बहुसंख्य नमुने त्या औषधाला पुन्हा दाद देतात. जुनं गाठोडं बऱ्याच वंशांनी टाकून दिलं आहे. आजीच्या भावाला जे दोन वर्षांनी चुकलं ते परत आलं आहे. त्याने काही भरून निघत नाही, हे मला कळतं. तरी ही ओळ लिहिताना हात थांबला.

टायफॉइडच होऊ दिला नाही तर? मग औषधाचा प्रश्नच येत नाही, चार शंकूंच्या वस्तीवर मारा होत नाही, आणि त्या घराच्या मैल्यातून टायफी गटारात जाऊन कोणाला भेटत नाही. गुणाकारातले तीन अंक एका जागी खाली येतात. २०१७ ते २०२० या काळात भारतात चार ठिकाणी सुमारे चोवीस हजार मुलांची दर आठवड्याला विचारपूस करून ताप मोजला गेला. वेल्लोरच्या शहरी वस्तीत दर लाख मुलांमागे वर्षाला ११७३ जणांना टायफॉइड. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ३५. एकाच देशात तेहतीस पटींचा फरक. हा रोग नशिबात लिहिलेला नाही, वस्तीत घडलेला आहे.

२०१८ साली नवी मुंबई महापालिकेने नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना टायफॉइडची नवी, संयुग्म लस द्यायला घेतली. भारतात सरकारी यंत्रणेतून ती पहिल्यांदाच दिली जात होती. पहिल्या टप्प्यातच लाखाहून जास्त मुलांना ती मिळाली. त्याच वर्षी सिंधच्या हैदराबादमध्ये, जिथे ती एक भेट हजारो घरांत शिरली होती, तिथेही दहा वर्षांपर्यंतच्या दोन लाखांहून जास्त मुलांना लस टोचली गेली. पुढे तपासलं तेव्हा औषधांना न जुमानणाऱ्या त्याच टायफॉइडविरुद्ध तिचं संरक्षण ९७ टक्के निघालं. ती लस बनली होती तेलंगणातल्या हैदराबादच्या परिसरात, ज्या शहराच्या दुसऱ्या अंगाला पटणचेरू आहे.

लसीत असतं काय? टायफीच्याच अंगावरचं साखरेचं आवरण, एका प्रथिनाला जोडलेलं. एका मात्रेत त्या आवरणाचे २५ मायक्रोग्रॅम. वजनाने ते अडीच कोटी जिवाणूंइतकं. एकोणीस तासांच्या आपल्या गणितात सुमारे सव्वाआठ तासांत जितके जमतील तितके. दोन लाख मुलांच्या मात्रा एकत्र केल्या तर ते पाच ग्रॅम भरतं: कपभर चहात घालायची एक चमचा साखर.